पोर्तुगालला मिक्सर न्यायचाय, तिथली लाईट आपल्यासारखीच असते का?

डिचोलीची_सून

नमस्कार मंडळी. मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी नोव्हेंबरात पोर्तुगालला जातोय, मिस्टर तीन महिन्यांपूर्वीच पुढे गेलेत, लिस्बनजवळ आमादोराला दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलंय. आता सामानाची बांधाबांध चालू आहे आणि माझं घोडं अडलंय ते मिक्सरपाशी. ७५० वॅटचा तीन भांड्यांचा मिक्सर आहे, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेला, अजून एकदम ठणठणीत. तिकडे ब्लेंडर मिळतात पण त्यात ओलं खोबरं, धणे, सुकी मिरची यांचं गंधासारखं वाटण होत नाही असं तिकडे गेलेल्या सगळ्या बायका सांगतात, आणि हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, वाटण जाडंभरडं राहिलं तर आमच्या घरात कोणी जेवायचं नाही.

प्रॉब्लेम असा की प्रत्येक जण वेगळं सांगतोय. म्हापशाला एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला परदेशात व्होल्टेज वेगळं असतं, ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागेल, आणि त्याने चांगला पाचेक किलोचा डबा समोर काढून ठेवला. माझी नणंद अमेरिकेत असते, तिचा इथून नेलेला मिक्सर तिकडे नुसता घुंघुं करतो, खोबरं फिरतसुद्धा नाही, म्हणून ती म्हणते नेऊच नकोस. मिस्टर म्हणतात इथे सगळं आपल्यासारखंच आहे, फक्त प्लग वेगळा. कोणाचं खरं?

आणि अजून एक, मिस्टरांच्या त्या घरात ओव्हन चालू असताना केटल लावली की अख्ख्या घराची लाईट जाते. घरमालक म्हणतो वायरिंगमध्ये काही खोट नाही. मग जाते कशी? लहान मूल घेऊन जायचंय तर जरा भीती वाटते. जाणकारांनी नीट समजावून सांगा प्लीज, मला हे व्होल्ट, वॅट, हर्ट्झ प्रकरण शाळेनंतर कधी लागलंच नाही.

म्हापसेकर_८८

वहिनी, रिस्क घेऊ नका. परदेशातला करंट वेगळाच असतो, कन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दोन्ही घेऊन जा. माझ्या मित्राने दुबईहून आणलेला टीव्ही इथे दोन महिन्यांत गेला.

पेडण्याचा_लिस्बनात

वहिनी, कन्व्हर्टर नको, स्टॅबिलायझर पण नको, तो पाच किलोचा डबा तर अजिबात नको, त्या वजनात कोकम, सोलं, तांबडे पोहे आणि मिरच्या आणा. मी सात वर्षं इथे आहे, माझा फोंड्याहून आणलेला मिक्सर पहिल्या दिवसापासून चालतोय.

मिस्टर बरोबर बोलतायत. पोर्तुगालात घरात येणारी लाईट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आपल्याकडे पण २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मिक्सर उलटा करून खालची पट्टी वाचा, त्यावर तेच लिहिलेलं असेल. नणंदेच्या अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, म्हणजे तिच्या मिक्सरला अर्धंच व्होल्टेज मिळतंय, तो बिचारा घुंघुं नाही करणार तर काय करणार. म्हणजे दोघंही खरं बोलतायत, देश वेगळे आहेत एवढंच.

आता प्लग. हे नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात. इथल्या सॉकेटला भिंतीत गोल खोलगट वाटीसारखा खड्डा असतो, त्यात दोन गोल भोकं, आणि अर्थिंग तिसऱ्या पिनने येत नाही, त्या वाटीच्या कडेला वरखाली दोन पत्र्याच्या क्लिपा असतात त्यातून येतं. आपला तीन पिनवाला त्यात जातच नाही. मग लोक बाजारातून चाळीस-पन्नास रुपयांचा युनिव्हर्सल अडॅप्टर आणतात ज्याला मागे दोन पिना असतात, आपली थ्री पिन पुढे छान बसते, मिक्सर चालतो, सगळे खूश. पण तिसरी पिन त्या अडॅप्टरच्या आत कुठेच जोडलेली नसते!! म्हणजे अर्थिंग गायब. मोबाईलच्या चार्जरला चालेल, त्याला तसंही अर्थिंग नसतं. मिक्सर, इस्त्री, स्टीलची किटली याला चालणार नाही, ओल्या हाताने वापरायच्या वस्तू आहेत त्या.

उपाय सोपा आहे. इथे आलात की कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात १६ अँपिअरचा इथला प्लग मिळतो, अर्थिंगवाला मागायचा, मिक्सरची वायर कापून तो लावून घ्यायचा, दहा मिनिटांचं काम. तपकिरी वायर फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. मिक्सर जुना असून आत लाल, काळी, हिरवी निघाली तर लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. स्वतःला जमत नसेल तर मिस्टरांनी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं, यात पैसे वाचवू नका.

अजून एक सांगतो जे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथे सॉकेटला स्विच नसतो! आपल्याकडे प्रत्येक प्लगपॉईंटला बाजूला बटण असतं, आपण बटण बंद करून निर्धास्त होतो. इथे प्लग खोचला की करंट चालू. आणि प्लग उलटासुलटा कसाही बसतो, त्यामुळे फेज कुठल्या पिनला आलाय याचा भरवसा नाही. तेव्हा मिक्सरचं भांडं काढताना, पातं धुताना प्लग खेचून बाहेर काढायची सवय लावा. मुलीलाही पहिल्या दिवशी सांगा. सॉकेटच्या भोकांवर आतून शटर असलेले नवीन सॉकेट असतात, पण भाड्याच्या जुन्या घरात असतीलच असं नाही, मिस्टरांना बघायला सांगा, नसतील तर प्लास्टिकची झाकणं मिळतात.

लाईट जाते त्याचं उत्तर संध्याकाळी लिहितो, ड्युटी आहे.

फोंड्याचा_वायरवाला

३४ वर्षं हेच काम केलं, आता निवृत्त आहे, म्हणून दोन शब्द. वरच्या दादाने बरोबर सांगितलंय, मी फक्त मागचं कारण सांगतो म्हणजे कोणी दुकानदार फसवणार नाही.

म्हापसेकर, तुमच्या मित्राचा टीव्ही व्होल्टेजने गेला नसणार. दुबईलाही आपल्यासारखंच ५० हर्ट्झ आणि व्होल्टेजही आपल्याच पट्टीतलं. गल्फमध्ये वेगळा आहे तो सौदी, तिथे ६० हर्ट्झ, आणि पूर्वी घरांत १२७ व्होल्टचे पॉईंट पण असायचे. कुवेत, मस्कत, दुबई सगळीकडे ५०. टीव्ही बहुतेक आपल्या पावसाळ्यात गेला असेल. झाड लाईनीवर पडून न्यूट्रल तुटला की एका घरात व्होल्टेज खाली आणि शेजारच्या घरात तीनशेच्या वर जातं, अशी कितीतरी घरं मी बघितलीयत, टीव्ही, फ्रिज, राऊटर सगळं एका मिनिटात खलास. म्हणून आपल्याला स्टॅबिलायझरची सवय लागलीय. ती सवय इथली आहे, तिकडे न्यायची गरज नाही.

२३० हा आकडा आला कुठून ते पण सांगतो. पूर्वी युरोपात बहुतेक ठिकाणी २२० व्होल्ट होतं आणि इंग्लंडमध्ये २४०. आपल्याकडे इंग्रजांचं म्हणून २४०. सगळ्यांची उपकरणं सगळीकडे चालावीत म्हणून मधला २३० ठरवला आणि वरखाली सूट दिली. तेव्हा २३० म्हणजे बरोब्बर २३० नव्हे. युरोपच्या नियमात दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे २०७ ते २५३. आणि तेही कसं मोजतात, तर दर दहा मिनिटांची सरासरी काढायची, अशा आठवडाभराच्या सरासरींपैकी ९५ टक्के या पट्टीत असल्या पाहिजेत. म्हणजे मीटर लावून २२४ किंवा २४१ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, दोन्ही पास. तुमच्या मिक्सरला यातला फरक कळणारसुद्धा नाही.

आता हर्ट्झ. एका सेकंदात करंट किती वेळा पूर्ण मागेपुढे होतो तो आकडा. मिक्सरच्या मोटरला ब्रश असतात, कार्बनचे, तसली मोटर ५० वर काय न् ६० वर काय, तिला फरक पडत नाही, तिला व्होल्टेज पाहिजे. पण दगडाचा वेट ग्राइंडर, फ्रिज, जुना टेबल फॅन यांची मोटर वेगळी, तिला ब्रश नसतात, तिचा वेग हर्ट्झवरच ठरतो. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास आणि ६० वर १८०० च्या आसपास. म्हणून अमेरिकेत नेलेल्या ग्राइंडरला ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज २३० केलं तरी वेग बदलतोच, ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. उलटं जास्त वाईट, ६० हर्ट्झची मोटर ५० वर लावली की हळू फिरते आणि तापते. पोर्तुगालात हा प्रश्नच येत नाही, दोन्हीकडे ५०. तेव्हा ताई, वेट ग्राइंडर असेल तर तोही चालेल, फक्त दगड विमानात कसा न्यायचा ते तुम्ही बघा.

जपानमध्ये तर एकाच देशात दोन हर्ट्झ आहेत. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मनीची मशीन घेतली ५० ची, ओसाकाने अमेरिकेची घेतली ६० ची, आणि आजतागायत पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६०. २०११ च्या भूकंपात पूर्वेकडची बरीच वीज गेली तेव्हा पश्चिमेकडे असूनही ती हवी तेवढी पूर्वेकडे देता आली नाही, कारण हर्ट्झ बदलून देणारी केंद्रं मोजकीच होती. सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी कुठली मशीन विकत घेतली त्याचा हिशोब असा लागतो.

डिचोलीची_सून

दादा, काका, तुमचे दोघांचे खूप खूप आभार. पहिल्यांदाच हे सगळं डोक्यात शिरलं. मिक्सर उलटा करून बघितला, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ ७५० वॅट असंच लिहिलंय. नणंदेला पण काकांचं वाचून दाखवलं.

एक राहिलं, हेअर ड्रायर आणि इस्त्री पण आहे. आणि मिस्टरांच्या मोठ्या भावाने, ते जहाजावर असतात, अमेरिकेतून आणलेला एक हेअर ड्रायर पण घरात पडून आहे नवाकोरा, तो नेऊ का? नुसता प्लग बदलला की झालं ना?

तारवटी_वास्को

नाही नाही नाही, तो नेऊ नका आणि इथेही लावू नका!!! मी पण जहाजावर असतो, २२ वर्षं झाली, आणि ही चूक मी स्वतः केलीय. मायामीहून बायकोसाठी भारी ड्रायर आणला, १२० व्होल्टचा, वास्कोला घरी आल्यावर अडॅप्टर लावून दिला. तिने बटण दाबलं, एक मोठा आवाज, जळका वास आणि ड्रायरच्या तोंडातून ठिणग्या. तिचे केस वाचले ते देवाची कृपा. म्हणून कळकळीने सांगतो.

जहाजावर आमचे इलेक्ट्रिकल ऑफिसर आहेत त्यांनी मला नंतर समजावलं ते असं. तार तापवणारी जी जी वस्तू आहे, ड्रायर, इस्त्री, गिझर, टोस्टर, तिला व्होल्टेज दुप्पट दिलं की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. १२० ची वस्तू २३० वर लावली की साडेतीन पटीपेक्षा जास्त उष्णता, तार जळणारच. जपानचा १०० व्होल्टचा राईस कुकर इथे लावला तर पाच पटीहून जास्त. आणि आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत लावली तर उरते जेमतेम २७० वॅट, कपड्याची सुरकुतीसुद्धा हलणार नाही.

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. हे वाक्य आमच्या प्रत्येक नवीन पोराला मी पहिल्या दिवशी सांगतो, कारण आमचं जहाज स्वतःच एक वेगळा देश आहे, मेन सप्लाय ४४० व्होल्ट ६० हर्ट्झ, केबिनमध्ये कुठे ११० कुठे २२०, एकाच भिंतीवर दोन वेगळे सॉकेट असतात आणि पोरं न वाचता चार्जर खोचतात. चार्जर वाचतो कारण मोबाईल, लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं, तो जगात कुठेही चालतो. ज्या वस्तूवर असा पट्टा लिहिलेला नाही, एकच आकडा आहे, तिला तेवढंच द्यायचं.

तुमच्या दिरांच्या त्या ड्रायरवर मागे छोटा स्क्रू फिरवायचा स्विच आहे का बघा, काही ट्रॅव्हल ड्रायरला १२०/२४० असा असतो. तसा असेल तर २४० वर करून चालेल. नसेल तर दिरांनी जहाजावरच वापरावा. इथला २३० चा ड्रायर आणि इस्त्री बिनधास्त न्या.

पेडण्याचा_लिस्बनात

आता लाईट का जाते ते. वहिनी हे वायरिंग नाही, हे काँट्रॅक्ट आहे.

इथे वीजजोडणी घेताना ठरवावं लागतं की एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढणार. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, १.१५, २.३, ३.४५, ४.६, ५.७५, ६.९, मग १०.३५ आणि त्याच्या वर, सगळं केव्हीएमध्ये, घरच्या हिशोबाला एक केव्हीए म्हणजे साधारण हजार वॅट धरा. जेवढी मोठी पायरी तेवढा रोजचा स्थिर आकार जास्त, वीज वापरा नाहीतर नका वापरू. म्हणून भाड्याच्या घराचे मालक बहुतेक ३.४५ ची पायरी घेऊन ठेवतात. ३.४५ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर १५ अँपिअर, अख्ख्या घराला मिळून! आपल्याकडे एका गिझरच्या पॉईंटला १६ असतात, तेवढ्यात इथे पूर्ण घर चालवायचं.

आता हिशोब करा, ओव्हन २२०० वॅट, केटल २०००, झाले ४२००, मर्यादा ३४५०. मीटर स्वतःच सप्लाय तोडतो. काही जळलेलं नाही, काही बिघडलेलं नाही. एखादी वस्तू बंद करायची आणि पुन्हा चालू करायचं. स्मार्ट मीटर असेल तर कधीकधी मीटरवरचं बटण दाबावं लागतं, आणि तो मीटर पुष्कळदा जिन्यात किंवा तळमजल्यावर असतो, तेव्हा मीटर कुठे आहे आणि त्या पेटीची चावी कोणाकडे आहे हे मिस्टरांनी आजच बघून ठेवावं. रात्री अकरा वाजता मुलीला आंघोळ घालताना अंधार झाला म्हणजे कळतं ते.

नोव्हेंबरात येताय म्हणजे थंडीच्या तोंडावर येताय. लिस्बनची थंडी आकड्याने फार वाटत नाही, पण घरं आतून ओली गार असतात, बहुतेक जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नाही, सगळे तेलाचे हीटर लावतात, एकेक दीड-दोन हजार वॅटचा. वॉशिंग मशीन थंड पाणी घेऊन आत स्वतः तापवते, ती पण सुरुवातीचा वेळ दोन हजार वॅट ओढते. तेव्हा ३.४५ मध्ये हीटर, मशीन आणि जेवण एकाच वेळी होणार नाही. गॅसचा बंब आणि गॅसची शेगडी असेल तर जमतं, इंडक्शन आणि विजेचा बंब असेल तर ६.९ च घ्या. मिक्सर या हिशोबात काहीच नाही, ७५० वॅट तो पण दोन-तीन मिनिटं.

पायरी बदलून घेता येते, ज्याच्या नावावर काँट्रॅक्ट आहे त्याने कळवायचं. लक्षात घ्या इथे दोन वेगळ्या पार्ट्या असतात, तार आणि मीटर सांभाळणारी कंपनी एक, आणि बिल पाठवणारी दुसरी, आणि बिलवाली तुम्ही निवडू शकता, बऱ्याच आहेत. सरकारी नियामक आहे एर्से, त्यांच्या साईटवर दरांची तुलना करता येते, नक्की करा. बिलावर सीपीई नावाचा लांबलचक नंबर असतो, पीटीने सुरू होतो, तो तुमच्या घराच्या जोडणीचा नंबर, कुठलीही कंपनी पहिला तोच विचारते.

रात्रीचा स्वस्त दर पण घेता येतो, रोजच्या चक्रात रात्री १० ते सकाळी ८ युनिट स्वस्त आणि दिवसा थोडं महाग. आम्ही घेतलाय, मशीन रात्री दहानंतर लावतो. पण फ्लॅटमध्ये खालच्या शेजाऱ्याची झोप बघून.

साखळीचे_आजोबा

माझा नातू टाईप करून देत आहे. मी ८१ वर्षांचा. १९६१ च्या आधी पणजीला लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलो, त्याआधी गावात प्रिमेर ग्राव आणि सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पोर्तुगीज परीक्षा. नातवाने ही चर्चा वाचून दाखवली, म्हटलं आपली पोर्तुगीज भाषा इतक्या वर्षांनी एखाद्या मुलीच्या उपयोगी पडत असेल तर सांगावी.

बाय, तिथे दुकानात आणि बिलावर लागतील ते शब्द लिहून घे. भिंतीतल्या सॉकेटला तोमादा म्हणतात. प्लगला फिशा. दुकानात गेलीस की फिशा कों तेर्रा माग, म्हणजे अर्थिंगवाला प्लग. तेर्रा म्हणजे माती, जमीन. आपण अर्थिंग म्हणतो तेच. बटणाला इंतेर्रुप्तोर. घरातल्या बटणांच्या पेटीला क्वाद्रु. बिलाला फातुरा, पण बोलताना सगळे कोंता द लूश म्हणतात, लूश म्हणजे उजेड. आपणही लाईटीचं बिल म्हणतो, विजेचं म्हणत नाही, तसंच ते.

आणि ते दादा सांगतात ती पायरी बिलावर पोतेंसिया कोंत्रातादा या नावाने छापलेली असते. पोतेंसिया म्हणजे शक्ती, कोंत्रातादा म्हणजे कराराने ठरवलेली. हे दोन शब्द शोध, त्यांच्या समोर आकडा सापडेल. रात्रीच्या स्वस्त वेळेला वाझियु लिहितात, त्याचा अर्थ रिकामा. दिवसाच्या महाग वेळेला फोरा द वाझियु.

लहानपणी आमच्या गावात वीज नव्हती. घासलेटच्या दिव्याखाली आम्ही हे शब्द पाठ केले. लूश हा शब्द तेव्हा दिव्यासाठीच शिकलो. मुलीला सांग की शाळेत बिनधास्त बोल, चुकलं तरी बोल, ते लोक हसत नाहीत.

डिचोलीची_सून

आजोबा, तुमचा मेसेज वाचून डोळ्यात पाणी आलं. माझे आजेसासरे होते तेव्हा असेच शब्द बोलायचे, आम्ही कधी लिहून घेतले नाहीत. तुमची सगळी यादी मुलीच्या वहीत लिहून घेतली, तिला फिशा शब्द फार आवडलाय, घरभर म्हणत फिरतेय.

मिस्टरांनी बिलाचा फोटो पाठवला. पोतेंसिया कोंत्रातादा ३.४५ केव्हीए, अगदी तेच! घरात गॅसची शेगडी आणि गॅसचा बंब आहे, ओव्हन आणि वॉशिंग मशीन विजेवर. मालक म्हणतो पायरी वाढवायची असेल तर फरक तुम्ही भरा. किती वाढवू? आणि वीजपुरवठा भरवशाचा आहे ना, मागे तिथे पूर्ण देशाची लाईट गेली होती असं बातम्यांत बघितलं होतं.

पेडण्याचा_लिस्बनात

गॅस आहे तर ४.६ पुरेल, म्हणजे २० अँपिअर. ओव्हन आणि एक हीटर एकत्र चालेल, वर केटल लावू नका. पहिली थंडी त्यावर काढा, सारखी लाईट जायला लागली तर ५.७५ करा. मोठी पायरी आधीच घेऊन रोजचे पैसे कशाला भरायचे.

बातम्यांतलं ते २८ एप्रिल २०२५. सकाळी साडेअकराच्या सुमारास पोर्तुगाल आणि स्पेन दोन्हीकडची लाईट एकदम गेली. मी कामावर होतो. मेट्रो बंद, सिग्नल बंद, थोड्या वेळाने मोबाईलची रेंज पण गेली, कार्ड चालेना, ज्याच्या खिशात नोटा त्यालाच पाव आणि पाणी. मी दीड तास चालत घरी गेलो. बायकोने गॅसवर डाळ-भात करून ठेवला होता आणि वरच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या बायकांना पण जेवायला बोलावलं होतं, त्यांच्याकडे विजेची शेगडी. रात्री उशिरा लाईट आली तेव्हा पूर्ण गल्लीने खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून घरात बॅटरीवरचा रेडिओ, टॉर्च आणि थोडी रोकड ठेवतो. तुम्ही पण ठेवा. पण रोजचं म्हणाल तर लाईट जात नाही, सात वर्षांत असा दिवस तो एकच.

फोंड्याचा_वायरवाला

त्या दिवसाचं कारण नंतर तज्ज्ञांच्या समितीने दिलं ते आपल्या विषयातलंच आहे म्हणून सांगतो. आपल्याला सवय व्होल्टेज पडण्याची, तिथे उलटं झालं. मोठ्या लाईनींवर व्होल्टेज वाढत गेलं, वाढल्यावर एकेक वीजकेंद्र स्वतःला वाचवायला बाजूला झालं, एक गेलं की उरलेल्यांवर व्होल्टेज अजून वाढलं, मग दुसरं गेलं, आणि काही सेकंदांत सगळं. फ्रान्सशी जोडणी होती तीही तुटली. एवढ्या मोठ्या प्रमाणात असं युरोपात पहिल्यांदाच घडलं. घरातल्या मिक्सरला जो २०७ ते २५३ चा नियम, तसाच वरच्या लाईनींनाही पट्टा असतो, तो सांभाळला नाही की काय होतं ते बघा.

ताई, एक काम अजून करा. क्वाद्रुमध्ये टेस्टचं छोटं बटण असलेला मोठा ब्रेकर असेल, त्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलंय का ते मिस्टरांना बघायला सांगा. शॉक लागला तर तोच जीव वाचवतो. त्यावर ३०० किंवा ५०० लिहिलं असेल तर तो माणसासाठी नाही, मग निदान स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या लाईनीला ३० चा बसवून द्या असं मालकाला सांगा. आणि महिन्यातून एकदा ते टेस्टचं बटण दाबून बघायचं, लाईट गेली पाहिजे. हे इथे गोव्यातही करा, सगळ्यांनी.

डिचोलीची_सून

काका, मिस्टरांनी आत्ताच बघितलं, ३० लिहिलंय, बटण दाबलं तर लाईट गेली. मालकाला ४.६ साठी मेसेज पण केला.

शेवटचं विचारते, देवघरात लावायला इथला पिवळा बल्ब आणि होल्डर नेते आहे, आणि चवथीला माटोळीभोवती (गणपतीवर फळं-पानं टांगतो ती चौकट) सोडतो त्या लायटीच्या दोन माळा. चालतील ना?

पेडण्याचा_लिस्बनात

माळा चालतील, दोन पिनवाल्या असतील तर छोटा अडॅप्टर पुरे. पिना घट्ट बसतायत का बघा, आपल्या पिना इथल्यापेक्षा किंचित जाड असतात त्यामुळे जोर लावावा लागतो, जास्त दाबू नका, नाहीतर प्लगच बदला. बल्ब मात्र आणायचा तर होल्डरसकटच आणा. आपला बल्ब दोन खुंट्यांचा, दाबून फिरवायचा, इथे सगळे आट्याचे, फिरवत बसवायचे. आपला बल्ब फ्यूज झाला की इथे दुसरा सहज मिळणार नाही, म्हणून दोन-तीन जास्तीचे कपड्यांच्या घडीत ठेवा. माटोळीला सुपारीची कात्रं आणि नारळ लागला तर कळवा, नारळ इथे मिळतो, बाकीचं आम्ही चार घरं मिळून मागवतो.